रात्रीची नवी पेठ जलरंगात: उजेडाची जागा आधी ठरवावी

प्रश्न: मी जुळे सोलापुरात राहते, नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी बाहेर बसून जलरंगात चित्रे काढते. दिवसाची चित्रे बरी जमतात. दिवाळीनंतर नवी पेठेत एका दुकानाच्या पायरीवर, त्यांच्या पिवळ्या बल्बखाली बसून रात्रीची काही चित्रे केली. तिथे ती चांगली दिसत होती. घरी ट्यूबलाइटखाली पाहिली, तर जिकडेतिकडे पिवळे डाग आणि मध्ये काळपट चिखल. दिवे पेटलेले वाटतच नाहीत. जानेवारीत गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेची, चित्रे करण्याची फार इच्छा आहे. रात्रीसाठी जलरंग सोडून पोस्टर कलर घ्यावेत का? फोटोवरून घरी चित्र पूर्ण केले तर चालते का? आणि भोवती जमणाऱ्या बघ्यांचे काय करावे?

उत्तर: सप्रेम नमस्कार. आपले पत्र आणि सोबत पाठवलेली चित्रे मी लक्षपूर्वक पाहिली. जलरंग सोडू नयेत, हे सर्वांत आधी सांगतो. जलरंग पारदर्शक असतो. प्रकाश रंगाच्या पातळ थरातून कागदापर्यंत जातो आणि कागदावरून परत येतो, म्हणून कोऱ्या कागदाइतके उजळ असे जलरंगाच्या चित्रात दुसरे काहीच नसते. रात्रीच्या चित्रात दिव्याला नेमके हेच हवे असते. पोस्टर कलरमध्ये गडद पार्श्वभूमीवर शेवटी पांढरा किंवा पिवळा ठिपका ठेवता येतो खरा, परंतु तो खडूसारखा कोरडा दिसतो आणि त्यातून उजेड बाहेर पडल्यासारखा वाटत नाही. जलरंग रात्रीला साजेसाच आहे. फक्त त्यात कामाचा क्रम उलटा करता येत नाही, कारण एकदा झाकलेला उजेड पूर्णपणे परत मिळत नाही. दिवा कोणता, त्याचा उजेड कुठवर पोहोचतो आणि कुठे संपतो, हे ब्रश ओला करण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. आपल्या चित्रांत नेमके हेच शेवटावर सोडलेले दिसते.

तरीही बिघाडाचे पहिले कारण त्याच्याही आधीचे आहे, आणि ते आपण स्वतःच पत्रात लिहिले आहे: दुकानाचा पिवळा बल्ब. पिवळा रंग पांढऱ्या प्रकाशातील निळा भाग शोषून घेतो, म्हणून तो पिवळा दिसतो. पिवळ्या बल्बच्या प्रकाशात निळा भाग मुळातच फार थोडा असतो. शोषण्यासारखे काही उरलेच नसल्यामुळे कोरा कागद आणि त्यावर दिलेला पातळ पिवळा रंग डोळ्यांना जवळजवळ सारखेच दिसतात. साहजिकच आपण पुन्हा पिवळा दिला असेल, तो दिसला नाही म्हणून आणखी दिला असेल, आणि घरच्या पांढऱ्या प्रकाशात तो सगळा एकदम उघडा पडला. निळ्याच्या बाबतीत याच्या उलट घडते. त्याच बल्बखाली अल्ट्रामरीन काळसर आणि मळकट दिसतो, मिश्रणात तो किती पडला आहे याचा अंदाज लागत नाही, आणि छाया गार व्हायच्या ऐवजी तपकिरी होतात. डोळ्यांची ही अडचण थोरामोठ्यांनाही आली आहे. चित्रकार व्हॅन गॉगने 1888 च्या सप्टेंबरात फ्रान्समधील आर्ल शहरात कॅफेबाहेरच्या उघड्या बैठकीचे चित्र रात्री जागेवर बसून रंगवले, तेव्हा बहिणीला लिहिलेल्या पत्रात त्याने अंधारात हिरव्याच्या जागी निळा घेतला जाऊ शकतो हे मान्य केले होते. त्याचे माध्यम तैलरंग होते आणि तैलरंग खरवडून पुन्हा लावता येतो. आपल्याला ती सवलत नसल्यामुळे स्वतःचा दिवा सोबत नेणे भाग आहे.

पुस्तक वाचण्यासाठी मिळतात तसे क्लिपचे दोन छोटे एलईडी दिवे घ्यावेत. एक कागदाच्या डावीकडे आणि एक उजवीकडे लावला म्हणजे हाताची सावली ब्रशच्या टोकावर पडत नाही. प्रकाशाचा रंग 4000 ते 5000 केल्विनच्या दरम्यान, म्हणजे फार पिवळाही नाही आणि फार निळाही नाही असा पांढरा, असावा आणि खोक्यावर सीआरआय हा, त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा, आकडा दिलेला असल्यास तो 90 किंवा त्याहून अधिक असावा. दिवा किती प्रखर असावा, याकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत. तो फार प्रखर असला तर कागद समोरच्या दृश्यापेक्षा उजळ दिसतो आणि चित्रकार नकळत सगळेच गडद करत जातो. फार मंद असला तर पातळ वॉशसुद्धा, म्हणजे भरपूर पाण्यात पसरून दिलेला रंगाचा थरही, गडद भासतो आणि सकाळी चित्र फिके निघते. दिव्याचे तोंड कागदाकडे वळवून वर पुठ्ठ्याची छोटी झापड लावावी, म्हणजे तो आपल्या डोळ्यांत जाणार नाही. उजेडाकडे पाहिलेले डोळे काळोखातील आकार पुन्हा दिसण्याइतके निवायला बराच वेळ घेतात, आणि दर वेळी मान वर केल्यावर समोर नुसता काळोख दिसत असेल तर चित्रही काळेच होणार. पॅलेटमध्ये रंगांचा क्रम कायमचा ठरवून टाकावा. रात्री रंग त्याच्या जागेवरून ओळखता आला पाहिजे.

वेळेविषयी थोडेसेच सांगतो. रात्रीचे चित्र रात्र झाल्यावर सुरू करू नये. जानेवारीच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य सहा-सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर साधारण पंचवीस मिनिटे आकाशात निळसर उजेड टिकतो. त्या वेळी दुकानांचे दिवे लागलेले असतात, इमारतींच्या कडा आकाशावर स्पष्ट दिसतात आणि पेन्सिलीची रेघही दिसते. जागेवर पाच वाजता पोहोचावे, रेखाटन दिवसाउजेडी पूर्ण करावे, आकाशाचा वॉश त्या निळ्या वेळेत द्यावा आणि बाकीचे काम अंधार पडल्यावर करावे. आपल्या चित्रांतील आकाश सपाट काळे आहे. शहरावरचे आकाश तसे क्वचितच असते. खालच्या दिव्यांचा उजेड धुळीवर पसरून ते क्षितिजाकडे तांबूस करडे झालेले दिसते. चित्रातील सर्वांत गडद जागा आकाशात शोधूच नये. दिव्यासमोर आपल्याकडे पाठ करून जो माणूस उभा असतो, त्याच्या पाठीत ती सापडते.

आता रंगवण्याच्या क्रमाकडे वळतो. त्यासाठी नवी पेठेचा अख्खा रस्ता घेऊ नये. पार्क चौकाच्या परिसरात संध्याकाळी खाण्याच्या गाड्या लागतात, त्यांपैकी भज्यांची एकच गाडी निवडावी: वर ताडपत्री, तिच्याखाली लोंबणारा एक बल्ब, कढई, कढईमागे गाडीवाला आणि अलीकडे आपल्याकडे पाठ करून उभी असलेली तीन-चार माणसे. कागद लहान, पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराचा, परंतु जाड, 300 जीएसएमचा आणि शक्य असल्यास पूर्ण कॉटनचा घ्यावा, कारण एकावर एक तीन थर आणि मधले पुसणे साधा कागद सहन करत नाही.

प्रथम रेखाटनात बल्बची जागा पक्की करावी. मग मोठ्या ब्रशने सगळा कागद स्वच्छ पाण्याने ओला करावा. फक्त बल्बची, शेंगदाण्याएवढी जागा कोरडी ठेवावी. कागद ओला असतानाच त्या जागेभोवती अगदी पातळ लेमन यलो सोडावा, त्याच्या बाहेर नारिंगीकडे झुकणारा पिवळा, त्याच्या बाहेर अलिझरिन क्रिमझन या गडद लालाचा पुसट गुलाबी, आणि सर्वांत बाहेर अल्ट्रामरीन व क्रिमझन यांचा जांभळा. हा क्रम मोडू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आपल्या चित्रांत पिवळा थेट जांभळ्या-निळ्याला भिडला आहे. हे परस्परविरोधी रंग ओल्यात मिसळले की एकमेकांना मारतात आणि आपण ज्याला चिखल म्हणता तो तयार होतो. मध्ये नारिंगी आणि गुलाबी असले, तर पिवळ्यापासून जांभळ्यापर्यंतचा प्रवास स्वच्छ होतो आणि बल्बभोवतीचे वलय आपोआप उमटते.

हा थर पूर्ण वाळू द्यावा. हिवाळ्याच्या रात्री त्याला वेळ लागतो आणि त्या वेळेत वहीत माणसांची रेखाटने करावीत. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरच्या कोरड्या हवेत याच्या उलट त्रास होतो, वॉश पसरण्यापूर्वीच त्याच्या कडा बसतात. तेव्हा कागद मागूनही ओला करावा आणि नेहमीपेक्षा एक आकार मोठा ब्रश वापरावा.

दुसऱ्या थरात मध्यम गडदपणा द्यावा: ताडपत्रीची बाहेरची बाजू, मागच्या इमारती, गाडीखालची जमीन. बल्बचा उजेड जिथे पोहोचतो, तिथे हा थर थांबवावा आणि त्याची कड दिव्यापासून दूरच्या बाजूला ओलसर ब्रशने मऊ करावी. गाडीवाल्याचा चेहरा पहिल्या थराच्या नारिंगीतच जवळजवळ पूर्ण झालेला असतो. बल्ब कपाळाच्या वर असल्यामुळे नाक आणि गालांची हाडे उजळतात आणि डोळ्यांच्या खोबणी छायेत जातात; तेवढ्या तीन-चार छाया दिल्या की माणूस बोलू लागतो. कढईची वाफ बल्बच्या आणि आपल्या मध्ये आली तर ती लख्ख दिसते. बल्ब आपल्या बाजूला असेल तर ती दिसेनाशी होते. बसण्याची जागा निवडताना याचा विचार करावा, कारण वाफेने चित्राला जी हालचाल येते ती दुसऱ्या कशाने येत नाही.

शेवटचा थर गडद. पाठमोरी माणसे सुटी सुटी रंगवू नयेत. त्यांचे खांदे, त्यांच्यामधली फट, त्यांच्या पायांपासून आपल्याकडे येणाऱ्या सावल्या, हे सगळे एकाच सलग आकारात, रंग जास्त आणि पाणी कमी घेऊन, एकदाच द्यावे. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून ओला असताना तो हवा त्यापेक्षा गडद वाटला पाहिजे. दिव्याकडच्या बाजूला मात्र पहिल्या थराची बारीक रेघ उघडी राहू द्यावी: कानाची पाळी, खांद्याची कड, हातातल्या कागदी प्लेटचा काठ. ही रेघ राखणे हे या चित्रातील सर्वांत नाजूक काम आहे आणि मला ते सर्वांत आनंदाचेही वाटते, कारण ती उमटताक्षणी तोवर मुका असलेला गडद आकार गर्दी होऊन जातो.

गडद रंग ट्यूबमधील काळ्याने करू नये. त्याला खोली नसते आणि इतर रंगांत मिसळला की त्यांनाही मंद करतो. अल्ट्रामरीन आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून निळ्याकडे किंवा तांबड्याकडे झुकवता येणारा सुरेख गडद मिळतो. प्रशियन ब्ल्यू आणि अलिझरिन क्रिमझन यांचा त्याहून खोल होतो, परंतु हे दोन्ही रंग कागदाला डाग धरणारे आहेत. ते जिथे लागले तिथून पुढे उजेड पुसून काढता येत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना ओल्या ब्रशने बऱ्यापैकी उचलता येतात. त्यामुळे दिव्याजवळ ही उचलता येणारी जोडी वापरावी आणि प्रशियन कडेच्या काळोखासाठी ठेवावा. मास्किंग फ्लुइडची, म्हणजे कागद कोरा राखण्यासाठी आधी लावून नंतर काढून टाकायच्या द्रवाची, सवय लावून घेऊ नये, असे माझे मत आहे. त्याने राखलेल्या जागेच्या कडा कापल्यासारख्या दिसतात आणि उन्हाळ्यात ते कागदाला चिकटून बसते. लोंबत्या माळांचे बारीक दिवे राखण्यापुरते ते ठीक आहे. पांढरा गौश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, शेवटी, वाळलेल्या गडदावर, मोजक्या ठिणग्यांसाठी वापरण्यास हरकत नाही. त्यात थोडा पिवळा मिसळावा, नाहीतर तो निळसर आणि परका दिसतो.

रस्त्याबद्दल एक गोष्ट अगत्याने सांगावीशी वाटते. आपल्या एका चित्रात दुकानांच्या दिव्यांची उभी प्रतिबिंबे रस्त्यावर पडलेली आहेत. ही पद्धत पावसाळी शहरांच्या चित्रांवरून आलेली आहे आणि तिथे ती खरी आहे. आपले सोलापूर वर्षातील बहुतेक रात्री कोरडे असते. कोरड्या डांबरावर उजेड आरशासारखा परावर्तित होत नाही; तो दुकानाच्या दारातून बाहेर पडून जमिनीवर आडवा पसरतो, जवळ उबदार आणि दूर जाताना विरत जाणारा, आणि त्याला माणसांच्या लांब सावल्या छेदतात. गाड्यांनी उडवलेल्या धुळीत हेडलाइटचा झोत दिसतो. हे आपल्या गावाचे रात्रीचे रूप आहे आणि ते तसेच रंगवावे. प्रतिबिंबांचा सराव करायचा असेल तर सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसावे. पाणी किंचित हलत असले की मंदिराच्या दिव्यांची प्रतिबिंबे आपल्या दिशेने उभी लांबतात, कारण लाटेच्या प्रत्येक उतारावर दिव्याचा एकेक तुकडा दिसतो. ती मूळ दिव्यापेक्षा थोडी मंद आणि मंदिराच्या छाया मात्र पाण्यात किंचित फिक्या ठेवाव्यात. गड्ड्यापूर्वी अशी एक-दोन शांत चित्रे करून पाहणे चांगले. महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीची रोषणाई मोह घालते, परंतु तिथे कोरीव कामाचे रेखाटनच संध्याकाळ खाऊन टाकते. ते पुढच्या वर्षासाठी ठेवावे.

गर्दी रंगवताना डोळ्यांची पातळी विसरू नये. आपण उभ्या राहून काढत असाल तर सपाट जमिनीवर जवळच्या आणि दूरच्या, आपल्याएवढ्या उंचीच्या सर्व माणसांची डोकी एकाच आडव्या रेषेवर येतात. लहानमोठे होते ते फक्त त्यांचे पायांपर्यंतचे अंतर. आपण स्टुलावर बसला असाल तर तीच रेषा उभ्या माणसांच्या कमरेच्या आसपास जाते आणि जवळच्यांची डोकी खूप वर चढतात. आपल्या चित्रांत ही दोन्ही दृश्ये मिसळली आहेत, म्हणून दूरची माणसे खड्ड्यात उभी असल्यासारखी दिसतात.

आता गड्डा. होम मैदानावरचे पाळणे, खेळण्यांची दुकाने, भोंगे आणि धूळ यांच्या मधोमध बसून चित्र होणार नाही. थोडे बाहेर, कडेला बसावे, म्हणजे पाळणा पूर्ण दिसेल. फिरणाऱ्या पाळण्याचे आरे मोजत बसू नये; ओल्या आकाशात रंगीत उजेडाचे एक तुटक कडे सोडावे आणि वाळल्यावर दोन-तीन पाळणेच नीट काढावेत. शोभेच्या दारूकामाच्या रात्री रंग घेऊन जाऊच नये, पेन्सिल आणि वही पुरे. माझी खरी शिफारस आहे ती नंदीध्वजांच्या, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्यांच्या, मिरवणुकीची. मानकरी आणि भक्त पांढऱ्या बाराबंदीत, म्हणजे बंदांनी बांधायच्या पारंपरिक अंगरख्यात, असतात, आणि रात्रीचा पांढरा कपडा हा चित्रकारासाठी मोठा धडा आहे. तो पांढरा ठेवला तर चित्रातील दिवे विझतात. दिव्याकडच्या बाजूला तो फिका पिवळसर, आकाशाकडच्या बाजूला निळसर जांभळा, आणि रोषणाईच्या कमानीखालून जाताना क्षणभर हिरवा किंवा गुलाबी होतो. कोरा कागद फक्त दिव्यांसाठी राखावा आणि बाराबंदीला नेहमी कोणता तरी पातळ रंग द्यावा. मग उंच नंदीध्वज, त्याखाली या रंगीत पांढऱ्यांचा घोळका आणि मागे काळसर गर्दी, अशी मांडणी स्वतःच उभी राहते. मिरवणूक थांबत नाही, म्हणून पार्श्वभूमीचा वॉश ती येण्यापूर्वी देऊन ठेवावा.

फोटोवरून घरी चित्र पूर्ण करण्यात काहीही गैर नाही, मात्र फोटोवर कशासाठी विसंबायचे ते ठरवावे. मोबाइलचा रात्रीचा मोड अनेक फोटो एकत्र करून छाया उजळ करतो; डोळ्यांना जिथे काळोख दिसला तिथे फोटोत फरशी आणि पोती दिसू लागतात, आणि चित्रकार ती सगळी काढत बसतो. त्यामुळे गडद-फिक्याचा निर्णय जागेवरच घ्यावा, पहिले दोन थर जागेवरच द्यावेत, आणि फोटो आकारांसाठी, पाटीच्या वळणासाठी, हातगाडीच्या चाकासाठी वापरावा. पडद्यावर बल्बवर बोट ठेवून फोटो घेतला तर बाकी सगळे काळे होते, पण बल्बच्या प्रकाशाचा खरा रंग त्यात सापडतो. असा एक फोटो प्रत्येक चित्रासाठी घ्यावा.

बघ्यांविषयी आपण संकोचाने लिहिले आहे. एखाद्या दुकानदाराची आधी परवानगी घेऊन, भिंतीला पाठ लावून, दुकान उघडे असेपर्यंतच बसावे. मागे कोणी उभे राहू शकले नाही की निम्मा त्रास संपतो. पायवाट अडवू नये, आणि सोबत बहीण, मैत्रीण किंवा घरचे कोणी तरी असावे. लोकांच्या प्रश्नांची उत्तरे द्यायला थर वाळतानाचा वेळ पुरेसा असतो. लहान मुले विचारतात ते प्रश्न ऐकावेत. “ह्यो लाइट अजून लावला न्हाई का?” असे एखाद्या मुलाने विचारले, तर त्याचे बोट कागदावर कुठे आहे ते पाहावे, बहुधा तिथे आपण उजेड झाकून बसलेल्या असता.

पुढची चित्रे झाली की त्यांचे फोटो दिवसा, सावलीत काढून पाठवावेत आणि प्रत्येकाखाली कोणत्या दिव्याखाली, किती वाजता काम केले ते लिहावे, म्हणजे रंगाचा दोष कुठला आणि दिव्याचा कुठला हे वेगळे सांगता येईल.